देवयानीतला न झालेला स्फोट: ट्रिगर ६००११४ चं प्रकरण

२७ मे २०१४. ग्रीनिचच्या घड्याळात रात्रीचे सव्वानऊ होऊन गेले होते. आपल्याकडे २८ तारीख लागलेली, पहाटेचे पावणेतीन. पृथ्वीभोवती साधारण दीड तासात एक फेरी मारणाऱ्या 'स्विफ्ट' या नासाच्या उपग्रहावरच्या संगणकाला आकाशाच्या एका बिंदूतून जरा जास्त गॅमा किरण येत असल्यासारखं वाटलं. त्याने कोणालाही विचारलं नाही, विचारायची त्याला मुभाही नाही. सगळा उपग्रह त्या दिशेला वळवला, अंगावरच्या बाकीच्या दोन दुर्बिणी तिकडे रोखल्या आणि खाली निरोप धाडला. निरोपाला अनुक्रमांक मिळाला: ट्रिगर ६००११४.

असे निरोप स्विफ्टकडून नेहमीच येतात. या निरोपातली दिशा मात्र नेहमीची नव्हती. तो बिंदू देवयानी दीर्घिकेत, म्हणजे एम३१ मध्ये पडत होता. देवयानी आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. आकाशगंगेच्या तोडीची ही आपली सर्वांत जवळची शेजारीण, अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनीही धुरकट ठिपक्यासारखी दिसते. गॅमा किरण स्फोट, म्हणजे ताऱ्याच्या मरणातून किंवा टकरीतून सुटणारा गॅमा किरणांचा क्षणभराचा लोट, एरवी अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येतात. तो देवयानीत झाला असेल, तर खगोलशास्त्राच्या इतिहासातली ती एक मोठी रात्र ठरली असती.

पुढच्या काही तासांत जगभर धावपळ झाली. इंग्लंडमध्ये उजाडून लोक कामाला लागेपर्यंत हेही कळून चुकलं की काहीच झालेलं नव्हतं. हे प्रकरण 'ट्विटरने उठवलेली आवई' म्हणून सांगायची पद्धत आहे. मला ते पुरतं पटत नाही. आवई उठली हे खरंच, पण तिच्या आधी एक तपासणी चुकली होती. आणि जिथे ती चुकणारच होती, नेमकी अशा जागी ती करावी लागली.

पडदा आणि सावली

आधी यंत्र समजून घेऊ, कारण गोम तिथेच आहे.

स्विफ्ट २० नोव्हेंबर २००४ रोजी सुटला. त्याच्यावर तीन उपकरणं आहेत. पहिलं 'बॅट', हा पहारेकरी. एका वेळी आकाशाचा जवळजवळ नववा हिस्सा तो नजरेखाली ठेवतो. दुसरी क्ष-किरण दुर्बीण 'एक्सआरटी' आणि तिसरी दृश्य-अतिनील दुर्बीण. बॅटने हाक मारायची, उपग्रहाने साधारण दीड मिनिटात वळायचं, आणि मग या दोघींनी नीट पाहायचं, अशी वाटणी आहे.

गॅमा किरणांचं दुखणं असं की ते आरशावरून परतत नाहीत आणि भिंगाने वाकत नाहीत, सरळ आरपार जातात. त्यामुळे बॅटमध्ये आरसा नाहीच, तिथे एक पडदा आहे. पाच मिलिमीटर लांबी-रुंदीच्या, एक मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या सुमारे ५२,००० चकत्या त्यावर बसवलेल्या. त्यांची मांडणी मुद्दाम विस्कळीत, निम्मी जागा मोकळी आणि निम्मी झाकलेली. त्याच्या खाली एक मीटरवर कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे ३२,७६८ तुकडे, प्रत्येक तुकडा स्वतंत्र मोजणीदार.

जुन्या वाड्यातल्या नक्षीदार जाळीची सावली आठवा. सकाळी ती एका भिंतीवर पडते, दुपारी सरकून जमिनीवर येते. सूर्याकडे न पाहताही त्या सरकलेल्या नक्षीवरून तो कुठे आहे हे सांगता येतं. बॅटही हेच करतो. खालच्या ३२,७६८ मोजणीदारांवर शिशाच्या नक्षीची सावली किती सरकून पडली आहे, त्यावरून गॅमा किरण आले कुठून ते ठरवतो. यात दोन-चार मिनिटं चापाची चूक राहते. ('मिनिट' म्हणजे इथे कोन, अंशाचा साठावा भाग.)

सावली दाट असली तर प्रश्नच नाही. पण सूर्य ढगाआड आहे, अंगणात चार दिवे लागलेत, भिंतीवर पोपडे आहेत, आणि तरीही नक्षी ओळखायची आहे अशी कल्पना करा. बॅटची रोजची परिस्थिती ही आहे. आकाशातून सगळीकडून गॅमा किरणांचा मंद पाऊस चालूच असतो. शिवाय वैश्विक किरण, उपग्रहाच्या धातूतून निघणारे कण, दक्षिण अटलांटिकवरून जाताना भेटणारा भारित कणांचा पट्टा, मधूनच उगाच बडबडणारा एखादा मोजणीदार. या खडखडाटात कधीकधी निव्वळ योगायोगाने मोजण्या अशा जुळतात की अमुक दिशेची फिकट नक्षी उमटल्यासारखी वाटते.

सापशिडीत सलग तीन वेळा सहा पडणं म्हणजे २१६ त एकदा. तुमच्या घरात ते झालं तर आठवडाभर सांगत फिराल. पण अख्खी सोसायटी दिवसभर खेळत असेल तर संध्याकाळपर्यंत कुठल्यातरी मजल्यावर ते झालेलंच असणार. बॅट आकाशाच्या हजारो ठिपक्यांची चित्रं दिवसभर पुन्हापुन्हा जुळवत असतो. म्हणून त्याला एक उंबरठा घालून दिला आहे: सिग्नल खडखडाटाच्या इतका पट वर गेला तरच हाक मार, नाहीतर गप्प बस.

आता या प्रकरणातला कळीचा तपशील. हा उंबरठा सगळीकडे सारखा नाही. जवळच्या दीर्घिकांची यादी उपग्रहाच्या संगणकात आहे, आणि फिकट सिग्नल त्यातल्या एखाद्या दीर्घिकेवर पडत असेल तर उंबरठा खाली घेतला जातो. यामागचा विचार रास्त आहे. जवळच्या दीर्घिकेत काही घडलं तर ते इतकं मोलाचं असेल की चार खोट्या हाका खाऊनही ते हुकवायचं नाही. तान्हं मूल असलेल्या घरातली आई झोपेतही ज्या कानाने ऐकते, तो हा कान. देवयानी अर्थातच त्या यादीत होती.

त्या रात्री

हाक आली. एक्सआरटी वळली. बॅटने दाखवलेल्या वर्तुळात तिला क्ष-किरणांचा एक ठळक ठिपका दिसला.

इथे दुसरी चाळणी लागते. बॅटच्या फिकट हाका खऱ्या की खोट्या हे ठरवायचा स्विफ्टचा नेहमीचा मार्ग हाच. खऱ्या स्फोटामागे क्ष-किरणांची धग उरते, आणि दीड मिनिटात पोचलेल्या एक्सआरटीला ती सहसा दिसतेच. वर्तुळात काहीच दिसलं नाही तर बहुतेक वेळा तो खडखडाट होता असं समजायचं. दिसलं तर माणसांना उठवायचं.

उठवायला माणूस नेमलेला असतो. स्विफ्टच्या चमूत आळीपाळीने एक शास्त्रज्ञ पाळीवर असतो, त्याला 'बर्स्ट अॅडव्होकेट' म्हणतात. नावातच गंमत आहे: स्फोटाचा वकील! स्फोटाची बाजू मांडायला माणूस ठेवलाय, समोरच्या पक्षाचा वकील मात्र नाही. (हा विनोद माझा. त्यांच्या कामात उलटतपासणीही असते.) फोन वाजतात, निरनिराळ्या देशांतले लोक एका कॉलवर येतात, आणि तासा-दोन तासांत जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना एक छोटं टिपण जातं. त्याला 'सर्क्युलर' म्हणतात. ते शोधनिबंध नसतं. घाईत, हाती आलेल्या चिमूटभर डेटावर, 'आम्हाला आत्ता एवढं दिसतंय' असं सांगणारी ती चिठ्ठी असते. वाचणाऱ्यांना हे माहीत असतं, निदान असायला हवं.

डेटा चिमूटभर का? कारण स्विफ्ट आपला माल दोन वाटांनी खाली पाठवतो. तातडीचा निरोप नासाच्या दळणवळण उपग्रहांमार्फत सेकंदांत येतो, पण ती वाट अरुंद. त्यातून गोषवारा येतो. पूर्ण डेटा, म्हणजे कुठला फोटॉन केव्हा, कुठे आणि किती ऊर्जेने पडला याची जंत्री, उपग्रह केनियातल्या मालिंदीच्या तळावरून जाताना उतरवून घेतात. तोवर गोषवाऱ्यावर भागवायचं.

गोषवाऱ्यात ठिपक्याची तेजस्विता जास्त दिसली. त्या जागी आधीपासून माहीत असलेला एक क्ष-किरण स्रोत होता, एका गोलाकार तारकागुच्छाच्या जागेवर. म्हणजे नवं काही नव्हे. पण जुनाच स्रोत अचानक भडकलाय, असा अर्थ त्या आकड्यातून निघत होता. भडकला असेल तर कशामुळे? न्यूट्रॉन ताऱ्यांची, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांची, टक्कर होऊन झालेला गॅमा किरण स्फोट? की पदार्थ गिळत एकदम चमकून उठलेला एखादा अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत? दोन्ही शक्यता बोलल्या जाऊ लागल्या. दुसरीही काही कमी गोड नव्हती, पण लोकांचं मन पहिलीवर बसलं.

त्यात दुष्काळात तेरावा महिना: मेरीलँडमधल्या गॉडार्ड केंद्रात, जिथून स्विफ्टचा डेटा वाटला जातो, नेमकी तेव्हाच वीज गेलेली. ज्या जंत्रीवरून तासाभरात खरं-खोटं करता आलं असतं ती हाताशी येईना.

आणि ट्विटर जागं होतं. 'जीआरबीएम३१' असा हॅशटॅग तयार झाला. (जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट.) टक्कर देवयानीतच असेल तर न्यूट्रिनो किती सापडतील, गुरुत्वीय लहरी किती मोठ्या असतील, याची गणितं लोक एकशेचाळीस अक्षरांत करू लागले. यातले बरेच जण व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ होते, हे विसरू नये. 'असेल तर' हे दोन शब्द पुढे पाठवताना गळत गेले, एवढंच. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! स्विफ्टच्या चमूने मात्र त्याला गॅमा किरण स्फोटाचं नाव दिलंच नाही. कागदोपत्री तो शेवटपर्यंत 'ट्रिगर ६००११४' च राहिला.

पंधरा सेकंदांना एक

सकाळी इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात, जिथे एक्सआरटीच्या डेटाचं काम चालतं, फिल इव्हान्स यांनी पूर्ण जंत्री घेऊन मोजणी पुन्हा केली आणि दुरुस्तीचं सर्क्युलर काढलं. त्या ठिपक्यातून सेकंदाला सरासरी ०.०६५ फोटॉन येत होते, चूक धरून वर-खाली ०.०१२.

हा आकडा जरा उलटा करून बघा. साधारण पंधरा सेकंदांना एक फोटॉन. अडीच अब्जांच्या नव्हे, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरच्या प्रलयाचा हा प्रकाश असू शकत नाही. नळाला वायसर बदलायची वेळ आली की जसं टपटपतं, तितकंच. मुख्य म्हणजे तो स्रोत याआधी स्विफ्टनेच पाहिला होता, यादीत नोंदवला होता, आणि तेव्हाही तो साधारण असाच टपटपत होता. म्हणजे भडकला नव्हता. तो तिथे होता, नेहमीसारखा.

मग आदल्या रात्रीचा मोठा आकडा कुठून आला? दुरुस्तीतच ते सांगितलं होतं. पहिली मोजणी कच्च्या डेटावरची होती. खरा क्ष-किरण फोटॉन कुठला आणि बाकी कचरा कुठला, हे त्यात वेगळं केलेलं नव्हतं. ती दुर्बिणीच्या संपूर्ण दृष्टिक्षेत्रातली बेरीज होती. त्यामुळे देवयानीतले इतर क्ष-किरण स्रोत आणि कॅमेऱ्यातले 'हॉट पिक्सेल', म्हणजे काही नसताना उजेड दाखवणारे बिघडके ठिपके, यांचा हिशेब या गरीब स्रोताच्या खात्यावर जमा झाला असावा.

हॉट पिक्सेलांनाही एक जुनी कथा आहे. एक्सआरटीचा कॅमेरा उणे शंभर अंश सेल्सिअसला थंड ठेवायची योजना होती. पण उड्डाणानंतर लवकरच विजेवरच्या शीतकाचा पुरवठा बंद पडला. तेव्हापासून कॅमेरा नुसत्या रेडिएटरवर, म्हणजे उष्णता अवकाशात जाऊ देऊन, भागवतो आणि ठरल्यापेक्षा बराच उबदार राहतो. उबदार कॅमेऱ्यात खोटे ठिपके जास्त. चमूने त्यावर उत्तम तोडगे काढले आणि दुर्बीण वर्षानुवर्षं छान चालली. पण ते तोडगे चालतात पूर्ण डेटावर.

बॅटच्या मूळ सिग्नलचं काय? तो एरवीच्या उंबरठ्याच्या खालचा होता, देवयानीमुळेच आत घेतलेला. दुरुस्तीचं म्हणणं थोडक्यात असं: उंबरठ्याखालच्या एका ट्रिगरच्या वेळी एक नेहमीचा स्थिर स्रोत योगायोगाने नजरेच्या टप्प्यात होता. संपलं.

माळ आणि चाळ

आता माझं म्हणणं.

रात्री माळरानावर कुठूनतरी हाक ऐकू आल्यासारखी वाटली. तुम्ही उठून त्या दिशेला पाहिलंत, तर तिथल्या एकुलत्या घरात दिवा जळतोय. कान आणि डोळा दोघांनी एकच सांगितलं, तेव्हा हाक खरी मानायला हरकत नाही. हीच हाक दादरच्या एखाद्या चाळीतून आल्यासारखी वाटली आणि तुम्ही पाहिलंत, तर पंधरा खोल्यांत दिवे आहेत. या दिव्यांवरून हाकेबद्दल काय कळलं? काही नाही. दिवे तसेही होतेच.

एक्सआरटीची चाळणी माळासाठी आहे. आकाशाचा कुठलाही भाग घ्या, बॅटच्या लहानशा वर्तुळात ठळक क्ष-किरण स्रोत सहसा नसतो. म्हणून तो दिसला की हाक खरी. देवयानी ही चाळ आहे. तिच्यात क्ष-किरणांनी उजळलेले शेकडो जोडतारे आहेत. तिच्यावर कुठेही बोट ठेवा, आसपास एखादा दिवा सापडणारच.

आणि उंबरठा खाली घेतला आहे तोही नेमका देवयानीसारख्या दीर्घिकांसाठी! म्हणजे जिथे पहिली चाळणी मुद्दाम सैल केली, तिथेच दुसरी चाळणी आपोआप निकामी झाली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचे होते. पण ते एकाच जागी एकमेकांना भेटतील याचा हिशेब त्या रात्रीच्या वाचकांपैकी फारशा कोणी मनात धरला नव्हता. वीज गेली नसती आणि ट्विटर नसतं, तरी ही हाक आलीच असती. ती दोन तासांत विरली असती, एवढाच फरक.

पाल चुकचुकायला आणखी एक कारण होतं, त्याला डेटाही लागत नव्हता. सगळ्या विश्वातून मिळून आपल्याला दिवसाला साधारण एक गॅमा किरण स्फोट दिसतो. अगदी कंजूषपणे विश्वात एकच अब्ज दीर्घिका धरल्या, तरी एका ठरावीक दीर्घिकेच्या वाट्याला एक अब्ज दिवसांत एक स्फोट, म्हणजे सुमारे २७ लाख वर्षांत एकदा. हा हिशेब ढोबळ आहे. जवळच्या दीर्घिकेतला दुबळा स्फोटही दिसेल, जो दुरून दिसला नसता, त्यामुळे खरा आकडा बराच खाली यावा. कितीही खाली आणला, तरी 'आज रात्री देवयानीत' याची शक्यता 'आज रात्री खडखडाट' याच्यापुढे किडूकमिडूकच. इतकी दुर्मीळ गोष्ट घडली म्हणायला पुरावा तेवढाच भक्कम लागतो, आणि इथे हातात होतं काय, तर एक फिकट नक्षी आणि चाळीतला एक दिवा.

हेही मान्य करतो की हे सगळं बारा वर्षांनी खुर्चीत बसून लिहिणं सोपं आहे. पाळीवरच्या माणसासमोर मध्यरात्री दोनच पर्याय असतात. आत्ता सांगायचं आणि कदाचित तोंडघशी पडायचं, किंवा सकाळपर्यंत थांबायचं आणि कदाचित विझलेल्या निखाऱ्याकडे दुर्बिणी वळवायच्या. गॅमा किरण स्फोटाची धग तासातासाला विझत जाते. या धंद्यात गप्प बसण्याची किंमत जास्त आहे, आणि त्या रात्री चमूने सांगितलं ते बरोबरच केलं. माझी तक्रार एवढीच, की त्या पहिल्या आकड्याच्या शेजारी 'कच्चा, चाळीतल्या सगळ्या दिव्यांसकट' असं मोठ्या अक्षरांत हवं होतं.

देवयानीच्या दिशेने आलेली ही पहिली हाक नव्हती. १ फेब्रुवारी २००७ रोजी एक लहान पण जोरदार स्फोट नोंदला गेला, जीआरबी ०७०२०१. तो सगळ्या अर्थाने खरा होता, अनेक यानांनी पाहिलेला. त्याची दिशा काढल्यावर चौकटीत देवयानीचा एक सर्पिल बाहू आला. तेव्हा गुरुत्वीय लहरी टिपणारे अमेरिकेतल्या हॅनफर्डचे लायगो शोधक चालू होते आणि त्यांना अशा लहरींचा मागमूस सापडला नाही. त्यामुळे देवयानीत न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झालेली नाही, हे ठामपणे सांगता आलं. बहुधा तो एखाद्या मॅग्नेटारचा, म्हणजे प्रचंड चुंबकत्व असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचा, भडका होता. २०१४ साली हा तिसरा साक्षीदार गैरहजर होता. लायगो बंद ठेवून त्याची संवेदनक्षमता वाढवायचं काम चाललं होतं, ते सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालं.

खोट्या हाकांचं घराणं

या विषयाचा जन्मच एका चुकीच्या हाकेतून झाला. २ जुलै १९६७ ला अमेरिकेच्या 'वेला' उपग्रहांनी गॅमा किरणांची एक लाट टिपली. ते उपग्रह होते चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडण्यासाठी. लाट अणुबॉम्बसारखी नव्हती, म्हणून ती फाइलीत गेली. लॉस अलामोसच्या क्लेबसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी हे स्फोट पृथ्वीवरचेही नाहीत आणि सूर्यावरचेही नाहीत असं जाहीर केलं, तोवर १९७३ उजाडलं होतं.

ऐंशीच्या दशकात उलटं झालं. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या 'सोलर मॅक्सिमम मिशन' या उपग्रहावर गॅमा किरणांचे विचित्र झोत पडत. स्फोट म्हणावेत असेच. ते येत होते सोव्हिएत टेहळणी उपग्रहांवरच्या अणुभट्ट्यांमधून! भट्टीतून सुटलेले पॉझिट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून वर येत, या उपग्रहाच्या अंगावर आदळून नष्ट होत आणि त्याच्याच कातड्यातून गॅमा किरण निघत. शास्त्रज्ञांना हे कळलं होतं, पण १९८८ पर्यंत बोलायची बंदी होती.

पुण्यात आलेला डेटा

आपल्याकडचा एक दाखला इथे खरोखर लागू पडतो. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या अॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावर 'सीझेडटीआय' नावाचं उपकरण आहे. मुंबईच्या टीआयएफआर, पुण्याच्या आयुका आणि इतर संस्थांनी मिळून ते केलं. जात बॅटचीच: वर नक्षीचा पडदा, खाली कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे १६,३८४ ठिपके. त्याचा डेटा आयुकात हाताळला जातो. किरणांची ऊर्जा शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली की उपकरणाच्या भिंती गॅमा किरणांना पारदर्शक होतात, म्हणून त्याला बाजूचं आणि मागचंही 'ऐकू' येतं.

४ जानेवारी २०१७ ला लायगोने दोन कृष्णविवरांची टक्कर पकडली. ती आकाशाच्या एका मोठ्या पट्ट्यात कुठेतरी झाली होती. दुसऱ्या दिवशी हवाईतल्या 'अॅटलस' दुर्बिणींना त्याच पट्ट्यात झपाट्याने विझणारा एक ठिपका सापडला. कृष्णविवरांच्या टकरीतून प्रकाश! पुन्हा तेच, हाक आणि त्या दिशेचा दिवा. सीझेडटीआयच्या नोंदी तपासल्या तेव्हा टकरीच्या क्षणी काही नव्हतं. पण सुमारे वीस तासांनंतर एक स्वतंत्र गॅमा किरण स्फोट नोंदलेला होता, जीआरबी १७०१०५ए. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी ऑप्टिकलपासून रेडिओपर्यंतची निरीक्षणं जोडून दाखवलं, की तो ठिपका या दुसऱ्याच स्फोटाची धग आहे आणि टकरीशी त्याचा संबंध फक्त दिशेचा. इथे यंत्राने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. स्फोट खरा होता, टक्कर खरी होती, खोटं होतं ते दोघांचं नातं.

मग १७ ऑगस्ट २०१७ उजाडला, आणि २०१४ च्या रात्री लोक ज्याची स्वप्नं पाहत होते ते घडलं. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर. लायगोला लहरी मिळाल्या आणि १.७ सेकंदांनी 'फर्मी' उपग्रहाला गॅमा किरणांची झुळूक मिळाली. झुळूकच म्हणायची. एकटी आली असती तर तिच्यामागे कोणी धावलं नसतं. स्विफ्ट त्या क्षणी पृथ्वीआड होता, बॅटला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. पृथ्वीमागून बाहेर आल्यावर त्याने त्या भागाचा शोध सुरू केला. पुढे दीर्घिका सापडली तेव्हा त्याच्या अतिनील दुर्बिणीला तिथे निळा झगमगाट दिसला. एक्सआरटीला मात्र त्या जागी टकरीचे क्ष-किरण सापडले नाहीत. ते दिसले 'चंद्रा' दुर्बिणीला, नऊ दिवसांनी.

म्हणजे वर्तुळात क्ष-किरणांचा ठिपका हवाच, या परीक्षेत देवयानीची हाक पास झाली होती आणि खरी टक्कर नापास. स्विफ्टच्या त्या निरीक्षणांवरचा शोधनिबंध त्याच वर्षी 'सायन्स' मध्ये आला. पहिलं नाव फिल इव्हान्स यांचं होतं.